करडईचं कुंपण

बारामतीच्या मंडईत या आठवड्यात करडई आली. कोपऱ्यावर बसणाऱ्या बाईनं पोत्यावर जुड्या मांडल्या होत्या. पानं हिरवीगार, कडेचा काटा अजून मऊ. "कवळी हाय, घेऊन टाका," ती म्हणाली. मी दोन जुड्या घेतल्या, चार पावलं चालले आणि मग आठवलं की मी आले होते गवारीसाठी. परत फिरले तर गवारवाली उठून गेलेली. दर मार्गशीर्षात माझं असंच होतं. करडई दिसली की डोकं ठिकाणावर राहत नाही.

यात भाजीचा काही दोष नाही. दोष असलाच तर पाच वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याचा आहे, आणि त्यातलाही बराचसा माझा. इतकी वर्षं मी तो कुणाच्या नावावर टाकायचा याचाच विचार करत आले. यंदा तेवढीही सवड मिळाली नाही, कारण सोमवारी सकाळी वैशालीचा व्हॉइस मेसेज आला.

वैशाली माझी विद्यार्थिनी. नर्स आहे. आता जर्मनीतल्या एका लहानशा गावात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. मी बारामतीत घराच्या पुढच्या खोलीत नर्सिंग केलेल्या मुलींना जर्मन शिकवते. तिथंच ती शिकली. दर वर्षी या दिवसांत तिचा मेसेज येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, करडई आली का मंडईत?" यंदाही तेच विचारलं.  मागून भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? रागवू नका. त्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, सही करू का म्हणून. तुम्ही काय बोलला नाहीत. तुम्हाला तेव्हा काय वाटत होतं? आता तरी सांगा."

मी मेसेज तीनदा ऐकला. उत्तर द्यायला बटण दाबलं, घसा खाकरला आणि सोडून दिलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. एवढी भाषा शिकवणारी बाई मी, पण मला एक वाक्य बोलता येईना.

सांगायला सुरुवात कुठून करावी तेही धड कळत नाही. शब्दापासून करते, कारण शब्दांच्या आड जाऊन उभं राहायची मला जुनी सवय आहे.

जर्मनमध्ये कुंपणाला 'त्साउन' म्हणतात. एवढासा शब्द. शेजारी हॉलंडात गेला की तोच 'तॉयन' होतो आणि त्याचा अर्थ होतो बाग. समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरला की 'टाउन', म्हणजे आख्खं गावच. पार उत्तरेला आइसलंडात 'तून' म्हणजे घराला लागून असलेलं, शेणखत घातलेलं गवताचं रान. नॉर्वेत तर घर, गोठा आणि कोठार यांच्या मधलं अंगण. पुण्यात रद्दीच्या दुकानात मला एक जाडजूड शब्दकोश मिळाला होता, पहिली आठ पानं नसलेला, त्यात हे सगळं एका नोंदीत दिलं आहे. कूळ एकच, भावंडंच सगळी. पण एकानं काटे ठेवले, एकानं फुलं ठेवली, एकानं माणसं ठेवली आणि एकानं गवत. त्या नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरात असंही आहे की आयर्लंडकडच्या लोकांचा किल्ल्याला असलेला शब्दही यांच्याच गोतातला. मात्र कुणी कुणाकडून उचलला की दोघांचा आजा एक, यावर पंडितांचं एकमत नाही. ते वाचून मला बरं वाटलं होतं. मोठमोठ्यांनाही कळत नाही म्हणायचं.

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो वालचंदनगरला, पुस्तकात नाही. आमचे हे तिथं वर्कशॉपमध्ये होते आणि आम्ही कॉलनीतल्या क्वार्टर्समध्ये राहायचो. प्रत्येक घराला कमरेएवढी मेंदी, सगळ्यांची एका उंचीला कापलेली. हॉलंडचा एक म्हातारा फिटर कुठलंसं यंत्र बसवायला आला होता, तो संध्याकाळी फिरायला निघायचा. माझी कॉलेजातली जर्मन तेव्हा गंजायला लागली होती, तिला जरा घासावं म्हणून मी त्याला मेंदीच्या आडून नमस्कार घातला. मी 'त्साउन, त्साउन' म्हणत कौतुकानं कुंपण दाखवते आहे आणि तो कुंपणावरून वाकून माझ्या चार गुलाबांचं कौतुक करतो आहे, असं बराच वेळ चाललं. दोघांनीही एकमेकांचे खूप आभार मानले. हे घरी आल्यावर त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "चहा तरी विचारलास का त्याला?" तो मी विचारला नव्हता.

आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. आमच्या इंदापूर तालुक्यात वाडी म्हणजे चाळीस उंबऱ्यांची वस्ती. शेरडं कोंडायची ते वाडगं. गुजरातेत वाड म्हणजे सरळ कुंपणच. इथून तिथून माणसानं आधी काटे रोवले आणि मग आत जे काही राहिलं त्याला नाव शोधत बसला. नावं सापडली खूप. आत कोण आणि बाहेर कोण, एवढं मात्र त्यातल्या कुठल्याच नावात लिहिलेलं नाही.

त्या हिवाळ्यात माझ्याकडं सकाळी नव्या मुलींचा वर्ग असायचा आणि दुपारी परीक्षेला बसणाऱ्या पाच मुली. जानेवारीत पुण्याला परीक्षा. कारखान्यांचा हंगाम जोरात होता, त्यामुळं रस्त्यानं दिवसभर उसाचे ट्रॅक्टर, एकेकामागं दोन-दोन ट्रॉल्या आणि गाण्यांचा दणदणाट. खिडकी उघडी ठेवली की क्रियापदं ऐकू यायची नाहीत आणि बंद केली की खोलीत पाच मुलींचे डबे, त्यातली लसणाची चटणी आणि मी, असं सगळं कोंडायचं. संध्याकाळी वारा फिरला की मळीचा वास यायचा. हा वास मला अजूनही आवडतो की आवडत नाही ते सांगता येत नाही. लहानपणापासून नाकात बसलेला आहे.

वैशाली मोरगावकडच्या एका कोरडवाहू गावची. सकाळी हॉस्पिटलची ड्यूटी करून दुपारी शिकवणीला यायची. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. घरी आई आणि धाकटा भाऊ सचिन, जो तिला रोज पहाटे मोटरसायकलवरून एसटीपर्यंत आणून सोडायचा. अंगानं बारीक, बोलायला हळू, पण एकदा शब्द धरला की सोडायची नाही.

एक दिवस 'घर आणि परिसर' हा धडा चालला होता. मी फळ्यावर चौकोन काढला, त्याला त्साउन असं नाव दिलं आणि प्रत्येकीला विचारलं की तुमच्या घराभोवती काय आहे, जर्मनमध्ये सांगा. कुणी भिंत म्हणाली, कुणी तार. वैशाली उभी राहिली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आमच्या रानाचं कुंपण भाजीचं आहे. आम्ही ते खातो."

बाकीच्या हसल्या. मी म्हणाले, "कुंपण खात नाहीत, वैशाली. क्रियापद बदल."

"खातो मॅडम," ती मराठीत म्हणाली. "करडई."

आणि मला लाज वाटली, कारण मी काय शहरात वाढले नव्हते. नरसिंहपूरच्या अलीकडं, नीरेच्या काठाला माझ्या वडलांचं रान होतं. तिथंही ज्वारीच्या कडेनं करडईचे चार पाटे, म्हणजे चार ओळी, असायच्या. करडई वाढली की तिला असा काटा येतो की गुरं-शेरडं आत तोंड घालत नाहीत. पण काटा धरायच्या आधी, मार्गशीर्षात, ती कोवळी असते आणि तेव्हा बायका तिची पानं खुडून नेतात. दोन्हीकडच्या रानातल्या नेतात, रस्त्यानं जाणाऱ्याही नेतात. बांधावरची भाजी कुणी विचारून घेत नाही आणि कुणी अडवतही नाही. हे मला माहीत होतं. तरी मी आधी क्रियापद दुरुस्त करायला गेले.

मग मला चेवच आला. मी कपाटातून शब्दकोश काढला आणि मुलींना त्साउन, तॉयन, टाउन, तून असा सगळा गोतावळा सांगितला. वैशाली ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "मॅडम, मग जो कुंपणावर असंल तो आतला धरायचा का बाहेरचा?" प्रश्न मला इतका आवडला की मी त्यावर आणखी अर्धा तास बोलले. तिनं वहीत काही लिहून घेतलं नाही, हे मला त्या वेळी दिसलं होतं. ते का, हे दोन दिवसांनी तिची आई घरी आली तेव्हा कळलं.

शेवंताबाई दुपारच्या एसटीनं आल्या, एकट्या. फडक्यात बांधून करडई आणली होती. पाणी प्यायल्या, भिंतीवर चिकटवलेल्या जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या बघितल्या आणि मुद्द्यावर आल्या.

"बाई, पोरगी तुमचं ऐकती. तिला तेवढं समजावा. मालकांच्या माघारी सात-बाऱ्यावर आमा तिघांची नावं लागल्यात. माझं, सचिनचं आन् हिचं. जायच्या आदी तिनं हक्कसोड करून द्यावा, एवढंच हाय."

हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा आपण होऊन भावाला सोडून दिल्याचा कागद. आमच्या भागात घरोघरी बहिणी तो करून देतात. न मागता द्यावा असंही मानतात.

"पण आत्ताच कशासाठी?" मी विचारलं.

"आवो, ही चालली साता समुद्रापल्याड. तिकडंच लगीन केलं तर? उद्या कोण गोरा जावाय बांधावर येऊन हुबा राह्यला, म्हणला माझ्या बायकूचा वाटा काढा, तर सचिननं काय करावं? त्येला कुठं जर्मन येती?"

मला हसू फुटलं. शेवंताबाई हसल्या नाहीत.

"हसू नका बाई. मी बी सही देणार हाय. दोघी एकदमच जाऊन येतो म्हणलं."

"तुम्ही कशाला देता? तुम्ही तर घरातच आहात."

"म्हणून तर. मला कुठं जायाचंय? एकाच्या नावावर असलेलं बरं असतं."

"आणि वैशालीचं काय म्हणणं आहे?"

"तिचं काय असायचंय. न्हाय म्हणत न्हाय आन् व्हय बी म्हणत न्हाय. म्हणती, मॅडमला इचारते."

झालं. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून बाई मोकळ्या झाल्या. जाताना दारात म्हणाल्या, "लसूण जास्त घाला, मूगडाळ घाला. करडई उग्र असती." मी मान हलवली. त्या समजल्या मी वैशालीला समजावायला तयार आहे. मी भाजीला मान हलवली होती, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं काय होतं देवाला माहीत.

माझी गोष्ट तोवर मी कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं. वडील गेल्यावर वर्षभरानं माझा थोरला भाऊ, दादा, वालचंदनगरला आला. हातात हिरवी साडी. म्हणाला, "शालन, उद्या इंदापूरला जाऊन येऊ. तासाभराचं काम हाय." कसलं काम ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही, दोघांनाही माहीत होतं. कचेरीच्या बाकावर बसलो, नाव पुकारलं, सही केली, निळ्या शाईत अंगठा बुडवला. बाहेर आल्यावर दादानं मला कांदाभजी खायला घातली. त्याचे डोळे भरून आले होते. तो वाईट माणूस नाही. आजही भाऊबीजेला न चुकता येतो, येताना घरची ज्वारी आणतो.

शाई तीन दिवस गेली नाही. मी त्याच हातानं कणीक मळत होते आणि अंगठा आत गेला की निळा व्हायचा तेवढा भाग काढून टाकत होते. पण वाईट वाटलं होतं का? नाही. साडी मी हौसेनं नेसले, कॉलनीत मिरवली. वाईट वाटायला लागलं ते कितीतरी वर्षांनी, आणि नेमकं कधी ते मला सांगता येत नाही. एकदा माहेरी बोलता बोलता मी "आपली विहीर" म्हणाले आणि वहिनी सहज म्हणाली, "व्हय, आमच्या हिरीला यंदा पाणी बरं हाय." तिच्या मनात काहीच नव्हतं. मीच चहाचा कप हातात धरून बसले.

आता अशी बाई दुसरीच्या मुलीला काय सांगणार? सही करू नको म्हणावं, तर मग मी केली ती चुकली, दादानं मागितली ती चुकली, आणि दर भाऊबीजेला मी ओवाळते ते काय ओवाळते? सही कर म्हणावं, तर ते तोंडातून निघेना. दोन्ही बाजूंनी विचार करून माझं डोकं दुखायचं आणि मी शब्दकोश उघडायचे. त्यात तरी चार अर्थ शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदत होते.

डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी सगळ्या मुली गेल्या आणि वैशाली मागं राहिली. वही बंद केली, पेन वहीत घातलं, पेन काढून पिशवीत टाकलं.

"मॅडम, सही करू का?"

बाहेरून ट्रॅक्टर चालला होता.  मला तो ट्रॅक्टर संपूच नये असं वाटत होतं. तो गेला.

"आधी परीक्षा होऊ दे," मी म्हणाले. "डोक्यात आत्ता दुसरं काही आणू नकोस." आणि तिला बसवून मी तिच्याकडून पंचवीस नामांची रूपं म्हणून घेतली. तिनं एकही चुकवलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती आली. मागं गेटपाशी मोटरसायकलवर सचिन. ती आत न येता दारातच उभी राहिली.

"करून आले मॅडम. आई आणि मी, दोघींनी. म्हणलं जाऊ दे डोक्यातनं एकदाचं." मग उजवा हात पुढं केला. "शाईपण लागली नाही. काचेवर अंगठा ठेवायचा नुसता." अंगठा स्वच्छ होता. तिनं तो मला दाखवला तसा स्वतःही पाहिला. "सचिननं साडीच्या ऐवजी जाड जाकीट घेतलंय. तिकडं थंडी असती म्हणून."

मी म्हणाले, "छान." दुसरं काय म्हणाले असते तर बरं झालं असतं, याची यादी मी नंतर पुष्कळ केली. ती परीक्षा पास झाली, चांगल्या गुणांनी. उन्हाळ्यात गेली. बारामतीत चाळीसच्या वर पारा आणि ही बाई एसटीत जाड जाकीट घालून बसलेली, कारण ते बॅगेत मावत नव्हतं.

त्यानंतरच्या तिच्या मेसेजांनी माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढवला. पहिल्या वर्षी म्हणाली, सही केली ते बरं झालं, जाताना हलकं वाटलं, सचिननं नवी विहीर पाडली, आई खूश आहे. मी सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या वर्षी तिनं एक फोटो पाठवला. ती काम करते तिथलं आवार, भोवती लाकडी पट्ट्यांचं पांढरं कुंपण. "मॅडम, हा तुमचा त्साउन. याच्यावर खायला काहीच येत नाही." मी हसले. तिसऱ्या वर्षी सुट्टीला यायचं होतं तर आली नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आईकडं जाईन, सचिनकडं जाईन. पण घरी जाते असं म्हणायला गेले की अडखळतं." पुढं लगेच तिथल्या पावाविषयी बोलायला लागली. चौथ्या वर्षी नुसतं करडईचंच विचारलं. आणि यंदा हे, तुम्हाला तेव्हा काय वाटत होतं?

शनिवारी सकाळी मी कुणाला न सांगता एसटीत बसले. कुठं जायचं ते स्टँडवर जाईपर्यंत नक्की नव्हतं. आधी वालचंदनगर लागलं, आमच्या क्वार्टरपुढच्या मेंदीला कुणीतरी नवीन गेट बसवलंय. पुढं नुसता ऊस. रस्त्याला दोन्ही बाजूंनी लागून, गावं दिसेनाशी झालेली. नरसिंहपूरच्या अलीकडच्या फाट्यावर उतरले आणि दादाच्या घरी न जाता सरळ रानात गेले. घरी आधी गेले असते तर चहा झाला असता, पोहे झाले असते, पाहुणीला कुणी रानात जाऊ दिलं नसतं.

दादानं सगळीकडं ऊस लावलाय, पण विहिरीच्या अंगाला एक तुकडा घरच्या ज्वारीपुरता ठेवलाय. त्याच्या कडेनं करडई होती. चार पाटे, जुन्या पद्धतीनं. मी चप्पल काढली. का काढली माहीत नाही. खाली बसून पानं खुडायला लागले. बोटांना आपोआप आठवत होतं, कुठलं पान घ्यायचं, कुठलं ठेवायचं.

"कोण हाय तितं? कुणाच्या रानातलं घेताय?"

मी वर पाहिलं. विहिरीकडून एक तरुण मुलगी येत होती, हातात बादली, डोक्याला ओढणी बांधलेली. दादाच्या मुलाची बायको. वैशाखात लग्न झालं तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, जाता आलं नव्हतं. मी तिला फोटोंमुळं ओळखलं. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं.

कुणाच्या रानातलं घेताय? प्रश्न साधा होता. माझ्या वडलांच्या, हे खरं. माझ्या भावाच्या, हेही खरं. तुझ्या सासऱ्याच्या, उद्या तुझ्या नवऱ्याच्या, तेही खरंच. माझ्या, असं म्हणता येत नव्हतं, आणि तेवढं एकच तोंडाशी येत होतं. चार भाषांतले चार अर्थ मला पाठ आहेत. तिथं बसून मला आतलीही होता येईना आणि बाहेरचीही.

"बांधावरची घेतेय," मी म्हणाले.

तिचा चेहरा लगेच सैल झाला. "मग घ्या की. बांधावरची कुणीबी घेतं. मला वाटलं आत कोण शिरलं." बादली दुसऱ्या हातात घेत तिनं बोटानं दाखवलं. "त्या अंगाला जास्त कवळी हाय बगा." आणि ती निघून गेली.

पोर गुणाची आहे. दादाला सून चांगली मिळाली. तिनं मला अडवलं असतं तर मी माझं नाव सांगितलं असतं, दादाची बहीण म्हणून सांगितलं असतं, ती ओशाळली असती, हाताला धरून घरी घेऊन गेली असती. तिनं अडवलंच नाही. रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही बाईला मिळते तेवढी मुभा तिनं मला दिली, आणि माझ्या वडलांच्या रानात मला आता तेवढीच मिळणार होती. मला रडू आलं. कितीतरी वर्षांचं होतं, थांबेना. मी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरात पानं गोळा करत राहिले.

मग तिथंच बसून फोन काढला, बटण दाबलं आणि बोलले. "वैशाली, सही करू नको, असं मला म्हणायचं होतं. माझी स्वतःची सही मला आडवी आली. मी भ्याले." एवढंच. पुन्हा ऐकलं असतं तर पुसून टाकलं असतं, म्हणून न ऐकता पाठवून दिलं.

दादाच्या घरी मी गेले नाही. फाट्यावर येऊन थांबले. तिचं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, पण एसटीची वाट बघत असतानाच आलं. आवाज शांत होता. ती बोलताना आता पहिल्यासारखी शब्द शोधत नाही.

"मला वाटलंच होतं मॅडम. सही केली त्या दिवशी सकाळी मी आधी तुमच्याच दारात आले होते. आईला म्हणलं, थांब, मॅडमला एकदा विचारते, त्या नको म्हणल्या तर नको. दारापाशी आले तर आतनं तुमचा आवाज येत होता. तुम्ही सकाळच्या मुलींना शिकवत होता, कुंपणाचा शब्द कुठनं आला ते. लई रंगून सांगत होता. मी जरा वेळ ऐकलं. मग म्हणलं, कशाला मधी थांबवायचं, आणि गेले आईबरोबर."

पुढं ती म्हणाली की मॅडम, भाजीत लसूण जास्त घाला. एसटी आली. मी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.